ऑपरेशन कानाचं, पथ्य नाकाचं

कानाच्या पडद्याचं ऑपरेशन करून माणूस घरी येतो तेव्हा डोक्याला भलीमोठी पट्टी असते. ती एकदोन दिवसांत निघते. आठवड्याभरात कानामागचे टाकेही निघतात आणि घरच्यांना वाटतं, झालं, सुटलो. आत बसवलेला नवा पडदा मात्र तोवर नुसता टेकलेला असतो. तो धरायला आणखी काही आठवडे लागतात. या आठवड्यांत पेशंटची सगळी काळजी कानावर एकवटलेली असते, आणि घोटाळा बहुतेक वेळा नाकाकडून होतो.

मी नागपुरात ऐकण्याच्या तपासण्या करते. ऑपरेशन सर्जन करतात. माझ्याकडे पेशंट येतात ते ऑपरेशनच्या आधी आणि मग थेट दोनतीन महिन्यांनी. मधल्या काळात त्यांचे फोन मात्र येत राहतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, पलीकडचे छिंदवाडा आणि बैतूल, एवढ्या लांबून लोक मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत येतात आणि ऑपरेशन करून गावी परततात. हातातल्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत चार ओळी असतात: पाणी टाळा, जड उचलू नका, नाक शिंकरू नका, अमुक तारखेला दाखवा. का, ते लिहिलेलं नसतं. आणि कारण कळल्याशिवाय पथ्य पाळलं जात नाही, निदान आपल्याकडे तरी. म्हणून ही कारणं. तुमच्या सर्जननी याहून वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमच्या कानात नेमकं काय केलं आहे ते त्यांना माहीत आहे, मला नाही.

आत काय केलेलं असतं

बाहेरून दिसणारा कान आणि आत जाणारी नळी हा बाहेरचा कान. नळीच्या टोकाला पडदा असतो. त्याचा व्यास एक सेंटिमीटरच्या आतबाहेर, जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. त्यामागे चमचाभर हवाही मावणार नाही एवढी पोकळी, तो मधला कान. पडद्याची थरथर आतल्या कानापर्यंत पोचवणारी तीन हाडं तिथे एकमेकांना जोडलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत छोटं हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं.

या पोकळीला हवा कुठून मिळते? नाकाच्या मागच्या बाजूने. तिथून मधल्या कानात जाणारी एक बारीक नळी असते, तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पथ्याचं मूळ या नळीत आहे.

पडद्याला भोक पडलेलं असेल, कान वारंवार वाहत असेल, तर पडदा दुरुस्त करतात. तीच टिम्पॅनोप्लास्टी. इन्फेक्शन किंवा आतली वाढ (मधल्या कानात साचत गेलेला त्वचेचा गोळा, कोलेस्टिएटोमा) कानामागच्या हाडात शिरली असेल तर ते हाड कोरून साफ करतात, ती मॅस्टॉइडेक्टॉमी. रिकिबीचं हाड घट्ट बसून हलेनासं झालं असेल तर तिथे बारीकसा पिस्टन बसवतात. बहुतेकांचं ऑपरेशन पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचं असतं, म्हणून मी मुख्यतः त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

नवा पडदा विकत आणलेला नसतो. कानाच्या वर, कानशिलाशी, चावताना फुगणारा एक स्नायू आहे. त्याच्यावरचं पातळ आवरण कापून घेतात आणि त्याचाच ग्राफ्ट करतात. कधी कानाच्याच कुर्चेचा तुकडा वापरतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुलश्टाइन आणि त्सोल्नर यांनी या शस्त्रक्रियेची घडी बसवली तेव्हा ग्राफ्टसाठी त्वचा वापरत. पण त्वचेचे पापुद्रे सुटत राहतात, कान पुन्हा बिघडतो. म्हणून पुढे स्नायूवरचं आवरण आलं. त्याला रक्तपुरवठा फार लागत नाही, नव्या जागी ते तग धरून राहतं, आणि जुन्या पडद्याच्या कडांमधून पेशी त्यावर सरकत येतात.

हा ग्राफ्ट टाके घालून शिवलेला नसतो. तशी जागाच नसते. पडद्याखाली तो पसरतात, त्याखाली आणि वर जेलफोमचे, म्हणजे जिलेटिनच्या स्पंजाचे तुकडे ठेवतात, आणि कानाच्या नळीत औषधी पट्टी किंवा आणखी जेलफोम भरतात. उन्हाळ्यात गच्चीवर कापडावर घातलेला ओला पापड आठवा. वाळेपर्यंत त्याला कोणी बोट लावलं, वारं खालून शिरलं की तो सुरकुततो, एका कडेने उचलला जातो. ग्राफ्टची पहिल्या तीनचार आठवड्यांतली अवस्था तशीच असते, आणि वारं खालून शिरण्याची त्याची वाट म्हणजे नाक.

नाक आणि शिंक

नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की हवा त्या मिटलेल्या नळीतून वर मधल्या कानात घुसते आणि ग्राफ्टला आतून धक्का देते. म्हणून नाक शिंकरायचं नाही. वाहत असेल तर नुसतं पुसायचं. आत जोरात ओढायचंही नाही, कारण ओढल्याने उलटा दाब तयार होतो आणि ग्राफ्ट आत खेचला जातो. ही दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना नाक ओढायची सवय असते.

शिंक थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. नाक दाबून, तोंड मिटून जिरवलेली शिंक सगळ्यांत वाईट. चारचौघांत शिष्टाचार म्हणून आपण नेमकं तेच करतो. शिंक येतेय असं वाटलं की तोंड मोठं उघडा, हनुवटी खाली सोडा, समोर सैलसा रुमाल धरा आणि शिंक तोंडावाटे जाऊ द्या. मोठा आवाज होईल, होऊ दे. ऑपरेशनच्या आधी दोनतीनदा आरशासमोर सराव केलेला बरा, कारण शिंक आली की विचार करायला वेळ नसतो. खोकलाही तोंड उघडं ठेवूनच. कान बंद वाटतो म्हणून नाक दाबून फुगवण्याचा प्रयोग तर अजिबात नको. काही सर्जन पुढे काही आठवड्यांनी तो व्यायाम म्हणून करायला सांगतात, पण ते सांगतील तेव्हाच.

नागपुरात शिंकेला निमित्त लागत नाही. मार्चच्या शेवटी कूलर बाहेर निघतो, वर्षभर पडून राहिलेल्या गवतावर धूळ आणि बुरशी बसलेली असते, आणि पहिल्या दिवशी तो सुरू केला की सगळं घर शिंकत सुटतं. उन्हाळ्यात ऑपरेशन ठरलं असेल तर गवत आधीच बदलून घ्या, टाकी घासून घ्या आणि पहिले दोन दिवस कूलर दुसऱ्या कोणाच्या खोलीत चालू द्या. कूलरची हवा कानात शिरून पडदा खराब होतो अशी भीती अनेकांना असते. तसं काही होत नाही. धुळीने सर्दी होऊ शकते, आणि सर्दी झाली की युस्टेशियन नळी सुजते. मिरच्या भाजणं, वर्षाचं तिखट करणं यात महिनाभर पेशंटला ओढू नका. सावजी रश्शाला औषधशास्त्राने बंदी केलेली नाही, पण पहिल्या घासाला नाक वाहायला लागतं आणि हात आपोआप नाकाकडे जातो. महिनाभर तर्री कमी घ्या, एवढंच.

सर्दी झालीच तर घरी काढे करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करा. नाकातले थेंब किंवा गोळी ते देतील.

जोर लावण्याचंही असंच आहे. पाण्याने भरलेला गुंड उचलणं, सिलिंडर सरकवणं, लहान पोराला कडेवर घेणं, खाली वाकून लादी पुसणं, बद्धकोष्ठात कुंथणं, या सगळ्यांनी डोक्यातला दाब वाढतो. साधारण पाच किलोच्या वरचं काही दोनतीन आठवडे उचलू नये. रिकिबीचं ऑपरेशन असेल तर हे अधिक काटेकोरपणे पाळायचं, कारण तिथे आतल्या कानाचं दारच उघडलेलं असतं. पोट साफ राहील असं खाणं आणि भरपूर पाणी, हे यात अनेकांना सुचतच नाही. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, तेही लक्षात असू द्या.

झोपताना डोक्याखाली दोन उशा, आणि ऑपरेशन झालेला कान वर.

आंघोळ

पाणी आत गेलं की ओल राहते, आणि ओलीत जंतू आणि बुरशी दोन्ही वाढतात. त्यासाठी सांगितलेला कापसाचा बोळा बहुतेक घरांत चुकीचा वापरला जातो. कोरडा कापूस पाणी अडवत नाही. तो पाणी शोषतो आणि सावकाश आत सोडतो.

लिंबाएवढा कापूस घ्या, हलक्या हाताने गोळा करा आणि त्याची बाहेरची बाजू व्हॅसलीनमध्ये चांगली माखा, पांढरा कापूस चकचकीत दिसेपर्यंत. तो कानाच्या वाटीत, नळीच्या तोंडावर टेकवा. आत कोंबायचा नाही. वाटी झाकली गेली की पुरे. मग गळ्याखालून आंघोळ, शॉवर नको, आणि आंघोळ झाल्यावर बोळा काढून टाकून द्या. तोच पुन्हा वापरायचा नाही. टाके निघेपर्यंत कानामागची जखमही कोरडी राहिली पाहिजे, म्हणून केस धुण्याची घाई नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की कोणाची तरी मदत घ्या. खुर्चीत मान मागे टाकून बसायचं, केस मागच्या बाजूला, कानावर व्हॅसलीनचा बोळा आणि वर प्लास्टिकची वाटी उपडी धरायची. पाणी कपाळावरून मागे जाईल असं ओतायचं. स्वतः बादलीवर वाकून केस धुतले तर वाकणंही होतं आणि पाणीही जातं. लांब केसांच्या बायकांना हे जड जातं. आठवडाभर वेणी घालून निभावलेलं बरं.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि घाम कानामागे साचतो. मऊ कोरड्या कापडाने टिपा, चोळू नका. चष्मा असेल तर त्याची दांडी नेमकी टाक्यांवर बसते. काही दिवस त्या बाजूची दांडी काढून ठेवता येते, कुठलाही चष्मेवाला ते दोन मिनिटांत करून देतो.

पोहायला साधारण दोनतीन महिने तरी नाही. तेही पडदा नीट धरला आहे असं डॉक्टरांनी पाहून सांगितल्यावर.

कानात काय घालायचं

डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब, आणि ते सांगतील त्या दिवसापासून. दुसरं काहीही नाही.

लसूण घालून कडवलेलं तेल विदर्भात घरोघरी तयार असतं, आणि कान ठणकला की आजी ते कोमट करून आणतेच. प्रेमाने आणलेलं असतं, त्यामुळे नाही म्हणणं अवघड होतं. पण ते आतल्या पॅकिंगमध्ये मुरतं, सोबत जंतू नेतं, आणि थोडं जास्त गरम असेल तर नव्या पडद्याला पोळतं. आजींना आधीच सांगून ठेवा, डॉक्टरांचं नाव पुढे करा. घरात पडलेली जुनी थेंबांची बाटलीही नको. काही प्रतिजैविक थेंब पडदा शाबूत असताना चालतात, पण पडद्याला वाट असेल तर आतल्या कानापर्यंत पोचून ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतात.

थेंब घालण्यापूर्वी बाटली चारपाच मिनिटं मुठीत धरा. फ्रिजमधून काढलेले किंवा थंडीतले गार थेंब घातले तर घर गरागरा फिरतं. यात आजार काही नाही. तोल सांभाळणारा अवयव मधल्या कानाला लागूनच आहे आणि तापमानातला फरक त्याला लगेच कळतो. गॅसवर मात्र बाटली गरम करू नका.

घाबरवणाऱ्या, पण बिनधोक गोष्टी

मला सर्वांत जास्त वेळा येणारा फोन असा असतो: "मॅडम, आधी थोडंफार ऐकू येत होतं जी, आता तर काहीच नाही येऊन राहिलं. ऑपरेशन बिघडलं का?" बहुधा नाही. बाहेरची नळी पॅकिंगने बंद आहे, आत जेलफोम आणि थोडं रक्त आहे. आवाज जाणार कुठून? जेलफोम आपोआप विरघळतो, पण त्याला काही आठवडे लागतात. उरलेलं सर्जन तपासणीच्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. कान असा बंद असताना स्वतःचाच आवाज मोठा येतो, कुरमुरे खाल्ले तर डोक्यात गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. तेही त्याच कारणाने.

आत फटफट, बुडबुडे फुटल्याचे किंवा पाणी हलल्याचे आवाज येतात. द्रव सरकतो आहे आणि हळूहळू हवा शिरते आहे. नाडीचा ठोका ऐकू येतो. थोडी सळकही येते. हे सगळं येतं आणि जातं.

पहिले काही दिवस कापसावर लालसर, चहाच्या रंगाचं पाणी दिसतं. कापूस खराब झाला की बदला, हात आधी धुऊन. कधी तपकिरी, चिवट तुकडा बाहेर पडतो आणि घरात रडारड होते, पडदा पडला म्हणून. तो जेलफोमचा तुकडा असतो. नळीतल्या औषधी पट्टीचं पिवळं टोक बाहेर लोंबायला लागलं तर ओढू नका, फोन करा.

जिभेच्या एका बाजूला चव कळकलेली किंवा बोथट लागते. जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाला चव कळवणारी नस नेमकी पडद्याच्या आतून, हाडांच्या मधून जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, क्वचित कापावीही लागते. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत जीभ जुळवून घेते. "भाजीत मीठच नाही" असं पेशंट म्हणाला तर स्वयंपाक करणाऱ्यांनी मनावर घेऊ नये.

कानाचा वरचा भाग बधिर राहतो, कंगवा लागला तरी कळत नाही. त्वचेतल्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे तो काही महिने तसा राहू शकतो. कान थोडा पुढे आल्यासारखा दिसतो, ती सूज आहे, उतरते. आणि जबडा दुखतो. इथे लोक चक्रावतात, की कानाचं ऑपरेशन आणि तोंड का उघडेना? ग्राफ्ट जिथून घेतला तो चावण्याचाच स्नायू. आठवडाभर मऊ खा: वरणभात, खिचडी, मऊ पोहे. हाडं चघळणं आणि फुटाणे नंतर.

दुखतं फार नाही. बहुतेकांचं साध्या पॅरासिटॅमॉलवर भागतं. म्हणूनच दुखणं दिवसेंदिवस कमी होत असताना चौथ्यापाचव्या दिवशी पुन्हा चढायला लागलं तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

लगेच दवाखाना गाठायचा तो केव्हा

चेहरा बघा. रोज सकाळी आरशात डोळे गच्च मिटा, दात दाखवा, शीळ घालायचा प्रयत्न करा. चेहऱ्याच्या हालचालींची नस मधल्या कानाच्या भिंतीतूनच जाते. भूल कानाशी टोचून दिलेली असेल तर पहिले काही तास एक बाजू ढिली वाटू शकते, भूल उतरली की ते जातं. पण नंतर एक डोळा पूर्ण मिटेनासा झाला, चूळ एका कोपऱ्यातून गळायला लागली, तर त्याच दिवशी सर्जनना कळवा. रात्र असली तरी. काही दिवसांनी सुरू झालेला असा कमजोरपणा औषधांनी बहुधा बरा होतो, पण ती औषधं वेळेवर सुरू व्हायला हवीत.

पहिले एकदोन दिवस उठताना थोडी भोवळ येऊ शकते. आधी कुशीवर, मग बसून, मग उभं राहायचं, आणि बाथरूमला एकटं पाठवायचं नाही. मात्र घर फिरतंय, उलट्या थांबत नाहीत, सोबत ऐकू येणं एकदम गेलं, असं झालं तर थांबायचं नाही. ताप, कानामागे वाढती लाल सूज, पिवळाहिरवा घाण वास येणारा पू, भळभळून ताजं रक्त, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव, जबर डोकेदुखी आणि सोबत मान आखडणं, हेही त्याच गटातलं. टाके काढायच्या तारखेपर्यंत वाट पाहू असा हिशोब इथे करू नका. गाव लांब असेल तर जवळच्या डॉक्टरांना दाखवून तिथूनच सर्जनशी बोलणं करून घ्या. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांतिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. वेळेवर ते कार्ड कधीच सापडत नाही.

खर्रा, आणि संत्री

खर्ऱ्याबद्दल स्पष्टच लिहिते. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि ग्राफ्ट जगतो तो कडेने येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवरच. सिगरेट-बिडीच्या धुराने युस्टेशियन नळीचं आतलं अस्तरही सुजतं, आणि सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये ग्राफ्ट न धरण्याचं प्रमाण जास्त आढळतं. खर्ऱ्यात तंबाखूच्या जोडीला सुपारी, म्हणजे दुखऱ्या जबड्याला दिवसभराची मजुरी. "दिवसातून एकच घोटतो" हे उत्तर मी खूप ऐकलं आहे. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून बंद केला तर त्याचा खरा उपयोग. शुगर असेल तर तीही आटोक्यात हवी, नाहीतर जखम रेंगाळते.

आणि आंबट? "आंबट खाऊ नको, जखम पिकेल," हे वाक्य प्रत्येक पेशंटच्या घरात कोणी ना कोणी म्हणतंच. जखम पिकते ती जंतूंमुळे, आंबट खाण्याने नाही. संत्र्याच्या हंगामात नागपुरात राहून संत्री वर्ज्य करण्यात काही अर्थ नाही. भात, दही, केळी, वांगं, काहीही कानापर्यंत पोचत नाही. दह्याने तुम्हाला स्वतःला सर्दी होते असा अनुभव असेल तर टाळा, तो तुमचा निर्णय.

प्रवास आणि काम

एसटीने किंवा गाडीने गावी जायला हरकत नसते, चक्कर नसेल आणि डॉक्टरांनी सोडलं असेल तर. खिडकीशी ऑपरेशनचा कान नको. दुचाकी चालवणं लांबवा. तोलाचा प्रश्न आहेच, शिवाय हेल्मेट घालताना नेमका कान दुमडतो आणि टाक्यांवर घासतो. हेल्मेट न घालता चालवतो, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

विमानाचं गणित वेगळं. आतला दाब जमिनीवरच्यासारखा ठेवलेला नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीचा. तेही वीस-पंचवीस मिनिटांत. उतरताना तो दाब झपाट्याने बदलतो, आणि सुजलेल्या युस्टेशियन नळीला त्याच्याशी जुळवून घेता येत नाही. बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे विमान टाळायला सांगतात. मुंबई-पुण्याला जायचंच असेल तर रेल्वे आहे.

बसून करायचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू करता येतं. शेतातलं, बांधकामावरचं, हमालीचं काम असेल तर तीनचार आठवडे तरी सुट्टी हवी. ज्यांची मजुरी रोजची आहे त्यांना हे परवडत नाही हे मला माहीत आहे. त्यांनी ऑपरेशनची तारीखच हंगाम बघून घ्यावी, सर्जनना तसं सांगावं. कोरड्या, न वाहणाऱ्या पडद्याच्या भोकाचं ऑपरेशन बहुधा थोडं मागेपुढे करता येतं. आतल्या वाढीचं मात्र लांबवू नये. शाळकरी मुलं आठवड्या-दोन आठवड्यांत शाळेत जाऊ शकतात, पण पीटीचा तास आणि मैदान महिनाभर बंद. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या आणि त्यात तेवढाच काळ चांगला कान शिक्षकांकडे येईल असं बसवण्याची विनंती करा. मारबतीची मिरवणूक, गणपतीचे ढोल, लग्नाचा डीजे, यांपासून लांब राहायचं, रिकिबीच्या ऑपरेशनवाल्यांनी तर खासच. पिस्टन बसवलेल्यांनी त्याचं कार्ड जपून ठेवावं आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगावं. आजकालचे बहुतेक पिस्टन एमआरआयला चालतात, पण तपासणी करणाऱ्याला माहीत हवं.

तीन महिन्यांनंतर

टाके साधारण आठवड्याने निघतात, नळीतलं पॅकिंग एक ते तीन आठवड्यांत, आणि पडदा धरला का हे सहाव्या ते बाराव्या आठवड्यात नीट दिसतं. चांगल्या परिस्थितीत ८५ ते ९५ टक्के ग्राफ्ट धरतात. त्यानंतर ऐकण्याची तपासणी. हेडफोन लावून एक आलेख काढतो आणि हाडावर कंपन देऊन दुसरा. या दोन आलेखांतलं अंतर म्हणजे पडदा आणि हाडांच्या साखळीत अडकलेला आवाज. ऑपरेशनआधीचा कागद शेजारी ठेवला की ते अंतर किती मिटलं ते दिसतं. म्हणून तो जुना कागद घेऊन या. कोणीच आणत नाही.

पडदा धरला पण ऐकणं अपेक्षेइतकं सुधारलं नाही, असंही होतं. कान वर्षानुवर्षं वाहत असेल तर हाडांची साखळी झिजलेली असते किंवा आतला कानच कमजोर झालेला असतो, आणि पडदा त्याला काही करू शकत नाही. कान कोरडा झाला हा लाभ तरीही मोठा आहे, कारण आता त्यात ऐकण्याचं मशीन लावता येतं. वाहत्या कानात ते लावता येत नव्हतं. ग्राफ्ट धरलाच नाही तर काही महिने थांबून पुन्हा ऑपरेशन करता येतं, आणि दुसऱ्या वेळेलाही बरेच धरतात.

कानामागचं हाड कोरून मोठी पोकळी उघडी ठेवलेली असेल, तर तपासणी कधीच संपत नाही. त्या पोकळीत मळ साचतो, तो सहा महिन्यांनी, वर्षाने सूक्ष्मदर्शकाखाली काढून घ्यावा लागतो, आणि व्हॅसलीनचा बोळा बहुतेकांना जन्मभर लागतो. आतली वाढ काढलेली असेल तर ती पुन्हा येऊ शकते, कित्येकदा काही वर्षांनी आणि अजिबात न दुखता. कान ठीक आहे म्हणून या पेशंटनी येणं बंद करू नये. पुढची तारीख कार्डावर लिहिलेली नसेल तर निघण्यापूर्वी मागून लिहून घ्यावी.